पोचल्याचा फोन

१

केजच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली की माणसाला एक खोड लागते. कुठली गाडी किती वाजता निघाली आणि आता ती कुठं असायला पाहिजे, हे डोक्यात आपोआप चालू राहतं. शहादेवला रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नांदूरघाटच्या घरी ओट्यावर खुर्ची टाकून तो बसायचा आणि रस्त्यानं लाल गाडी गेली की मनगटाकडं बघून म्हणायचा, "केज गाडी. सात मिनिटं लेट."

"मग मी काय करू? जाऊन ढकलू का?" पारूबाई आतून म्हणायची.

त्यांची एकुलती एक लेक अंजली पाच वर्षांपासून सिंगापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. नर्सिंगला जाणारी गावातली ती पहिलीच पोरगी. तिला विमानात बसवायचं ठरलं तेव्हा शहादेवनं बाकीच्या बापांसारखं रडगाणं गायलं नाही. त्यानं वही काढली. मुंबई ते सिंगापूर, तीन हजार नऊशे किलोमीटर. साडेपाच तास. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढं. केजहून मुंबईला सव्वाचारशे किलोमीटर आणि गाडीला लागतात अकरा तास.

"म्हंजे बघ," तो पारूबाईला म्हणाला, "आपली लेक मुंबईपेक्षा सिंगापुरात जवळ हाय."

"जवळ हाय तर डोळ्यांत पाणी कावून आलं तुमच्या?"

तेव्हापासून एक रीतच पडली. अंजली सुट्टी संपवून निघाली की आदल्या संध्याकाळी शहादेव तिला केजला मुंबईच्या गाडीत बसवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा चाळीसचं विमान. त्या दिवशी त्याला दुसरं काम नसायचं. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली एक जादा घड्याळ टांगलं होतं, सिंगापूरच्या वेळेचं. त्याच्याखाली खुर्ची, हातात मोबाईल, आणि मोबाईलात विमानं दाखवणारं ॲप. त्यातलं बोटभर पिवळं विमान मुंबईहून उठायचं, सोलापूर-हैदराबाद ओलांडून समुद्रावर जायचं, आणि शहादेव त्याच्याबरोबर जायचा. संध्याकाळी पाच-दहाला ते उतरलं की पाच-सात मिनिटांत फोन यायचा.

"नाना, पोचले. आईला द्या."

तेवढंच. मग पारूबाई अर्धा तास बोलायची, आणि शहादेव वहीत वेळ लिहून चहा मागायचा.

गेल्या वर्षी तो फोन पाच वाजून दोन मिनिटांनी आला होता. ॲपवर विमान अजून आठ मिनिटं लांब होतं. शहादेवनं ते वहीत लिहिलं आणि पुढं 'ॲप मागं' असा शेरा मारला. स्टँडवर असे शेरे त्यानं हजारदा मारले होते.

२

यंदा जानेवारीत अंजली पंधरा दिवस राहून गेली. विमान बारा मिनिटं उशिरा, अकरा बावन्नला उठलं. पारूबाई भांडी घासत होती. दुपारी दोन वाजता पिवळं विमान चेन्नई मागं टाकून निळ्या समुद्रावर आलं होतं, आणि शहादेवला जरा डुलकी लागली होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"नाना, पोचले. आईला द्या."

अर्धवट झोपेत त्यानं फोन पारूबाईला दिलासुद्धा. ओले हात पदराला पुसत ती बोलायला लागली. जेवलीस का, थंडी हाय का, बॅग जड झाली आसंल. शहादेवनं डोळे चोळले आणि दोन्ही घड्याळांकडं बघितलं. मग फोन पारूबाईच्या कानाला असतानाच तो वाकून त्याच्या काचेवर विमान शोधायला लागला.

"सरका की! बोलू द्या," ती म्हणाली, आणि फोनमध्ये हसली. "आगं, मीठ जास्त झालं का? घाईत केली, कळलंच न्हाई."

चार मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर पारूबाई म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी खाऊन बघितली म्हनं. मीठ जास्त पडलंय. जरा दमल्यासारखी वाटली."

शहादेवनं ॲप उघडलं. विमान समुद्रावरच होतं. अंदमान यायचं होतं.

आपलंच गणित चुकलं, असं त्यानं मनाला सांगितलं. अडीच तास मिळवायच्या जागी वजा केले असतील. त्यानं कागदावर मांडून बघितलं, दोनदा. कसंही मांडलं तरी लेक हवेतच होती.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी परत फोन वाजला. मागं माणसांचा गलबला, कुणीतरी इंग्रजीत सूचना देत होतं.

"नाना, पोचले! आत्ता चाकं टेकली बघा. आईला द्या."

शहादेवनं फोन दिला नाही. "बाळा, तू दुपारी फोन केलतास का?"

"विमानात कुठं फोन लागतो ओ नाना?" ती हसली. "झोप लागली वाटतं तुमाला."

त्यानं फोनमधली यादी बघितली. अंजी, दोन दहा, चार मिनिटं. अंजी, पाच पंचवीस. दोन्ही एकाच नावाखाली, एकाच फोटोखाली.

दोन दिवसांनी अंजलीनं व्हिडिओवर आईला चटणीची बरणी दाखवली. झाकणाला पारूबाईनं गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती. अंजलीनं ती समोर कापली, बोटानं चटणी चाटली आणि तोंड वाकडं केलं.

"आई, यावेळी मीठ जास्त पडलंय गं."

पारूबाईनं शहादेवकडं बघितलं. शहादेव जमिनीकडं बघत होता.

३

तो सहजासहजी घाबरणारा माणूस नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की तो समोर जाऊन नाडी बघायचा. विहारात पोरांना सांगायचा, ज्याचं कारण सापडत न्हाई त्याचं कारण अजून शोधलेलं नसतंय. म्हणून तो कारण शोधायला निघाला. नाक्यावर आसारामचं मोबाईलचं दुकान होतं. शहादेवनं त्याला विचारलं, "फोन मागं-पुढं व्हतो का रे? येळेच्या आधी येतो का?"

आसारामनं फोन उघडून बघितला, पुसला, परत दिला. "नाना, नेटवर्कमुळं फोन उशिरा येतो. लवकर कसा येईल?"

शहादेवनं पेपरात वाचलं होतं की आजकाल माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवतात. पण फसवणारा काहीतरी मागतो. हिनं काही मागितलं नव्हतं.

अंजली एप्रिलमध्ये जयंतीला आली. निळा ड्रेस घालून मिरवणुकीत नाचली, आईच्या हातचं खाऊन दोन किलो वाढली, आणि महिनाअखेरीला परत निघाली. दहा पन्नासला विमानतळावरून तिनं फोन केला, "नाना, आत सोडायला लागलेत. ठेवते."

अकरा पाचला फोन वाजला. पारूबाई पाण्याच्या टाकीजवळ होती. शहादेवनं नाव बघितलं आणि तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लावलं.

"नाना, पोचले."

मागं काहीच आवाज नव्हता. मोठ्या रिकाम्या जागेत असते तशी शांतता.

"कुठं पोचलीस?"

"म्हाईत न्हाई ओ. सगळे निघून गेले. बॅगांचा पट्टा बंद झाला. लई येळ झाला, मी एकटीच हाय."

आवाज तिचाच होता. 'लई' म्हणताना ती जरा लांबवायची, लहानपणापासून, तेसुद्धा तसंच होतं. शहादेवला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण त्यानं फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"किती येळ लागला बाळा तुला?"

"मोजायचं सोडून दिलं, नाना." मग तिनंच विचारलं, "तुमचा गुडघा कसा हाय? तेल लावता का?"

"लावतो."

"न्हाई लावत तुमी." ती बारीक हसली. "नाना, मला न्यायला कुणीच आलं न्हाई."

"तू तर दरवेळी एकटीच रूमवर जातीस."

"तिकडं न्हाई. मला घरी यायचंय. हितून वाट सापडंना."

शहादेवनं फोन कट केला. अंगठा त्याच्या नकळत गेला. मग त्यानं लगेच अंजलीचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये तिनं उचलला. मागं लहान लेकरू रडत होतं, सीटांच्या वरच्या कप्प्यांची झाकणं आपटत होती.

"हां नाना, सीटवर बसले. कावून, काय झालं?"

"काय न्हाई. पट्टा बांध."

रात्री जेवताना त्यानं पारूबाईला सगळं सांगितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"आवाज तिचाच हाय," ती म्हणाली. "आईला कळतंय. मी जानेवारीतच बोललेय तिच्यासंगं."

"मग विमानात बसलेली कोण?"

"ती बी अंजीच."

"दोन कशा आसतील पारू?"

पारूबाईनं हातातला तुकडा ताटात ठेवला. म्हणाली, "तुमी फोन कट कावून केला? लेकरू बोलत व्हतं."

शहादेवनं वही काढली. आठ मिनिटं लवकर. मग तीन तास. मग सहा तासांच्या वर. असाच वेळ वाढत गेला, तर एके दिवशी लेक घरातून निघायच्या आधीच ही गाडी पोचणार होती. 'ॲप मागं' लिहायला त्यानं पेन टेकवलं, आणि काही न लिहिता वही मिटली.

४

डिसेंबरात अंजली परत आली तेव्हा तिला काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. ती मात्र जरा बदलली होती. जेवताना मध्येच थांबायची, कुणी हाक मारल्यासारखं दाराकडं बघायची. एकदा म्हणाली, "तिकडं ड्युटीवर आसताना मला कधीकधी आपल्या नळाला पाणी आल्याचा आवाज येतो, नाना. इतका खरा, की बादली लावायला उठते."

"आठवण येती म्हणून तसं व्हतं," शहादेव म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी तिला निघायचं होतं. दुपारी अडीच वाजता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती आणि पारूबाई तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती. अंजलीचा फोन टीव्हीवर चार्जिंगला लावलेला, काच काळी. शहादेव समोर तिच्या बॅगेचं वजन करत होता.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून बघितला. अंजी.

टीव्हीवरचा फोन तसाच काळा होता. उंबऱ्यातली अंजली डोळे मिटून आईच्या हाताखाली डुलत होती. पारूबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचे हात वेणीतच थांबले.

शहादेव अंगणात आला.

"नाना, पोचले."

या वेळी मागं आवाज होता. पिठाच्या गिरणीची धडधड. शहादेवनं मान वर केली. तीच धडधड त्याला उजव्या कानानंही ऐकू येत होती, घरांच्या पलीकडून, गावातल्या गिरणीतून.

"कुठं हायस बाळा?"

"आपल्या फाट्यावर. निवाऱ्यात बसलेय." आवाज थकलेला होता, पण त्यात आनंद होता. "घ्यायला येता का?"

त्यानं मोटारसायकल काढली. पारूबाईनं दारातून विचारलं, "कुठं?" त्यानं नुसता हात केला. फाटा घरापासून पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटं तो स्वतःला समजावत होता की तिथं कुणी नसणार, मोकळा निवारा बघून आपण परत येऊ, आणि लेकीला वेळेवर केजला सोडू.

फाट्यावर ऊन होतं. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, एक कुत्रं, आणि रस्त्याच्या पलीकडं सिमेंटचा निवारा, तोंड पलीकडच्या आडरस्त्याकडं, मागून उघडा. बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. शेजारी बॅग. बॅगेवरची विमान कंपनीची चिठ्ठी वाऱ्यानं हलत होती.

शहादेवनं रस्त्याच्या अलीकडंच गाडी थांबवली.

खांदे अंजलीचे होते. मान जरा डावीकडं कललेली, तीही तिचीच. केस तेलानं चमकत होते. वेणी मानेपर्यंत घातलेली आणि खाली सगळे केस मोकळे. तो बघत असतानाच त्या केसांचे तीन पेड वेगळे झाले. एक पेड दुसऱ्यावरून गेला, तिसरा त्याच्यावरून, आणि वेणी एक वळसा खाली उतरली. मग आणखी एक. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मागं कुणी नव्हतं.

घरी पारूबाई परत वेणी घालायला लागली होती.

नाव ओठांवर होतं, पण त्यानं हाक मारली तर ती वळणार होती. ते तोंड बघायची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात केजकडून लाल गाडी आली आणि मध्ये उभी राहिली. दारातून अभिमन्यू कंडक्टर वाकला. तो शहादेवच्या हाताखाली शिकलेला.

"जय भीम, नाना! कुणाला घ्यायला आलात?"

शहादेवनं गाडीच्या काचांमधून पलीकडं बघितलं. "कुणाला न्हाई," तो म्हणाला.

बेल वाजली, गाडी गेली. निवारा रिकामा होता. बॅगही नव्हती. तो रस्ता ओलांडून बाकापाशी गेला. सावलीतलं सिमेंट गार असायला हवं होतं. त्यानं तळहात टेकवला तेव्हा ते उबदार लागलं, आणि त्या उबेपाशी शहादेव किती वेळ उभा राहिला हे त्याला नंतर सांगता आलं नाही. लेक घ्यायला या म्हणाली होती. आणि आपण रस्त्याच्या अलीकडं उभे राहून कुणाला न्हाई म्हणालो.

५

घरी आला तेव्हा अंजलीची वेणी पुरी झाली होती आणि ती बॅगेची चेन ओढत होती.

"बाळा," शहादेव म्हणाला, "आज जाऊ नको."

पाच वर्षांत हे शब्द त्यानं एकदाही काढले नव्हते. अंजलीनं मान वर केली. कारण विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती इतक्या लवकर "बरं" म्हणाली, की तो शब्द तिच्या जिभेवर कधीपासून तयार होता, असं त्याला वाटलं. तिनं दवाखान्याला मेल केला, तिकिटाची तारीख आठ दिवस पुढं ढकलली, आणि पारूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून दिवे लागेपर्यंत झोपली.

शुक्रवारी शहादेव ॲप उघडणार नव्हता. अकरा वाजता उघडलंच. अकरा चव्वेचाळीसला पिवळं विमान अंजलीला न घेता उठलं. अंजली अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. विमान हैदराबादवर आलं तेव्हा तिनं शेंगांची टरफलं म्हशीला घातली. विमान समुद्रावर गेलं तेव्हा ती आईशी कशावरून तरी भांडत होती. शहादेव कधी काचेकडं बघायचा, कधी तिच्याकडं. पाच वाजून चौदा मिनिटांनी विमान उतरलं.

फोन वाजला नाही. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. शहादेवनं फोन उपडा ठेवला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी कुणीतरी आपलं गमावल्यासारखंही. कालच्या बाकाची ऊब त्याच्या तळहाताला अजून लागत होती.

"आज लवकर जेवू," पारूबाई म्हणाली. "पोरीला ताज्या शेंगांची आमटी पाहिजे."

दिवस मावळतीला आला होता. तिघंही स्वयंपाकघरात होते. पारूबाई चुलीशी, दाराकडं पाठ करून भाकरी थापत होती. शहादेव आणि अंजली ताटावर बसले होते. अंजलीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून मान हलवली. ते बघून शहादेवला हसू आलं.

अंगणात फाटक वाजलं.

मग कुणीतरी चालत आलं. पावलं हळू होती, लांबून आलेल्या माणसाची. चाकाची बॅग फरशीवरून आली आणि ओट्याच्या पायरीला लागून थांबली. चप्पल काढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी. हॉलमधून पावलं स्वयंपाकघराच्या पडद्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्या खाली दोन पाय दिसत होते, टाचांना भेगा, बोटांवर लांबच्या रस्त्याची धूळ. उजव्या पायाच्या अंगठ्यावर जळाल्याचा डाग होता. शहादेवनं शेजारी मांडी घालून बसलेल्या अंजलीच्या पायाकडं बघितलं. तोच डाग. ती चार वर्षांची असताना चहाचं पातेलं उलटलं होतं.

बाहेरून नुसता श्वास ऐकू येत होता, रडू आवरून धरल्यासारखा.

शहादेवनं ताट बाजूला सारलं. त्यानं पारूबाईकडं बघितलं. तिनं मागं वळून बघितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, हात पुसला, आणि फळीवरून आणखी एक ताट काढलं.

"ये बाई," ती म्हणाली. "दमली आसशील. भाकरी गरम हाय."

पडद्याच्या कडेवर चार बोटं आली.

अंजलीनं हातातला घास ताटात ठेवला. ती घाबरलेली दिसत नव्हती. बापाकडं तिनं एकदाच बघितलं, आणि थोडी सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली.